दीर्घ भूमिका-खेळातील कथानकाचे नियोजन : 'ड्रॅगनलान्स' आणि 'मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप' यांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि मेजाभोवती बसून, संभाषण व फासे यांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळाला स्वतंत्र रूप लाभले. या प्रकारात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो. उर्वरित जग, प्रतिनायक, गौण पात्रे आणि प्रसंग यांचा भार एकाच व्यक्तीवर असतो. तिला येथे 'सूत्रधार' म्हटले आहे. अनेक महिने, प्रसंगी अनेक वर्षे चालणाऱ्या खेळमालिकेस 'कॅम्पेन' ही संज्ञा रूढ आहे.

नायक काय करील हे नाटककार ठरवितो. भूमिका-खेळाच्या सूत्रधाराला मात्र तो अधिकार नाही. मग दीर्घ कथानक आधी रचता येते काय, आणि येत असल्यास त्यातील नेमका कोणता भाग, हा या प्रकारातील मूलभूत वाङ्मयीन प्रश्न ठरतो. १९८४ या एकाच वर्षी प्रकाशात आलेल्या दोन कृतींनी त्याला परस्परविरोधी उत्तरे दिली. भरताने सांगितलेल्या आणि धनंजयाच्या 'दशरूपका'त विवेचिलेल्या अर्थप्रकृतींच्या साहाय्याने या उत्तरांची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

पूर्वनिश्चित कथानक

तोवरच्या बहुतांश प्रकाशित खेळसाहित्याचा केंद्रबिंदू एखादे भुयार किंवा किल्ला असे. तेथे शिरावे, संकटे ओलांडावीत, धन मिळवावे, एवढाच त्याचा आवाका. ट्रेसी हिकमन यांच्या कल्पनेतून साकारलेल्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेने त्याऐवजी एका महायुद्धाची सलग कथा मांडली. टॅनिस, रेस्टलिन, स्टर्म अशी घडविलेली पात्रे खेळाडूंच्या हाती दिली. खेळाला महाकाव्याचा विस्तार मिळाला, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही.

तथापि या विस्तारासाठी मोजावी लागलेली किंमत लक्षणीय आहे. महत्त्वाच्या पात्रावर मृत्यू ओढवल्यास तो संदिग्ध ठेवावा, जेणेकरून पुढे त्याचे पुनरागमन शक्य होईल, अशी सूचना सूत्रधारास करण्यात आली. म्हणजे फाशाने दिलेला निर्णय कथानकाने फिरवावयाचा. शिवाय याच कथेवरील मार्गारेट वाइस व हिकमन यांची कादंबरीत्रयी १९८५ मध्ये पूर्ण झाली, तर खेळमालिका १९८६ पर्यंत प्रसिद्ध होत राहिली. स्वतः जगावयाचा शेवट खेळाडूला आधीच वाचावयास मिळत होता. येथे 'कार्य' ही अर्थप्रकृती निश्चित आहे, परंतु ते सिद्धीस नेणारा प्रयत्न खेळाडूचा उरत नाही.

प्रतिनायकाचे नियोजन

लॅरी डिटिलियो आणि लिन विलिस यांची 'मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप' ही कृती 'कॉल ऑफ क्थुलू' (१९८१) या खेळासाठी लिहिली गेली. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये जॅक्सन इलायस या लेखकाचा खून होतो. त्याच्या खोलीत शांघायमधील मद्यगृहाची काडेपेटी, कैरोहून आलेले पत्र, एका नौकेचे छायाचित्र अशा वस्तू सापडतात. प्रत्येक वस्तू वेगळ्या दिशेस बोट दाखविते. लंडन, कैरो, केनिया, शांघाय हा क्रम खेळाडूंनी आपल्या मर्जीने ठरवावयाचा असतो.

क्रम मोकळा ठेवूनही ही कृती विस्कळीत होत नाही, याचे कारण तिच्या रचनेत आहे. १४ जानेवारी १९२६ रोजी खरोखरच झालेले खग्रास सूर्यग्रहण तिने कालमर्यादा म्हणून वापरले आहे. त्या दिवशी प्रतिनायकांचा कट पूर्णत्वास जावयाचा आहे. नाट्यशास्त्रातील आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम या पाच अवस्था नायकाच्या कार्याच्या असतात. येथे त्या प्रतिनायकाकडे सोपविल्या आहेत. नायकपक्षाने काही केले नाही, तर काय घडेल, एवढेच लेखकांनी निश्चित केले आहे. नियोजनही आहे आणि स्वातंत्र्यही आहे, कारण दोहोंची क्षेत्रे भिन्न आहेत.

बीज आणि बिंदू

अवांतर प्रसंगांनी मुख्य कथा खंडित झाली असता तिला पुन्हा जोडणारा तो 'बिंदू'. आठवड्यांच्या अंतराने भरणाऱ्या बैठकांत हा खंड अटळ असतो. 'मास्क्स'मधील पत्रे, कात्रणे आणि छायाचित्रे खेळाडूंच्या हाती प्रत्यक्ष राहतात व बिंदूचे कार्य करतात. एकाच निष्कर्षाकडे नेणारे अनेक पुरावे असल्याने एखादा हुकला तरी कथा अडत नाही. जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये प्रत्येक निष्कर्षासाठी किमान ३ धागे ठेवण्याचा जो नियम मांडला, त्याचे मर्म हेच होय.

बीजाच्या बाबतीत मात्र मूळ आवृत्ती उणी पडते. इलायस हा मित्र आहे असे खेळाडूंना केवळ सांगितले जाते. त्याची ओळख होण्यापूर्वीच तो मेलेला असतो. पुढे मूळ पात्रे एकामागून एक मरतात आणि नव्याने आलेल्या पात्रांना या शोधाशी बांधणारे काहीच उरत नाही. २०१८ च्या आवृत्तीत १९२१ मधील पेरूचे प्रकरण आरंभी जोडून खेळाडूंना जिवंत इलायसच्या सहवासात आणले, ही दुरुस्ती म्हणूनच मर्मग्राही आहे. अनुभवलेल्या मैत्रीमुळे खुनाला वजन येते.

वसाहतींतील लोकांना गूढ पंथांचे अनुयायी म्हणून रंगविण्याची मूळ आवृत्तीची प्रवृत्तीही दोषास्पद आहे. मोकळी रचना लेखकाच्या पूर्वग्रहांपासून मुक्ती देत नाही. सूत्रधार ज्या जगाची सामग्री घेऊन बसतो, त्या सामग्रीतच ते दडलेले असतात.

निष्कर्ष

१. नायकाच्या कृतींचे पूर्वनियोजन भूमिका-खेळाच्या मूळ प्रकृतीस बाधक ठरते.
२. प्रतिनायकाचे हेतू, साधने व कालमर्यादा यांचे नियोजन मात्र कथानकास एकात्मता देते.
३. बिंदूची योजना अनेकपदरी असावी आणि बीज सांगितलेले नव्हे, तर अनुभवलेले असावे.
४. अर्थप्रकृती या प्रकारास उपयुक्त असल्या, तरी फलाचा एकच अधिकारी नायक हे गृहीतक येथे सोडावे लागते. फल समूहाचे असते, आणि ते अपयशही असू शकते.