पिकतं तिथं का विकत नाही? गावातला कलाकार आणि गावातली मैफल

आजचा विषय एका म्हणीवरून सुरू करू. 'पिकतं तिथं विकत नाही.' गावातल्या गायकाला, वादकाला गावातच कार्यक्रम मिळत नाहीत, असं कुणी म्हणालं की समोरचा मान हलवतो, ही म्हण म्हणतो आणि चहा मागवतो. विषय संपला! आमची तक्रार नेमकी इथं आहे. पाऊस पडतो, उन्हाळा येतो, तसं गावच्या कलाकाराला गाव विचारत नाही, हे आपण गृहीत धरून टाकलंय. आज ही म्हण जरा तपासून बघू. तपासायला गाव घेऊ मिरज, आणि शेजारचं सांगली. कारण संगीत-नाटक पिकण्याच्या बाबतीत या दोन गावांवर कुणी शंका घेणार नाही.

आधी म्हणीचा शब्दशः अर्थ घेऊ. मिरजेत खरंच काय पिकतं? सतारी आणि तानपुरे पिकतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथली घराणी हे काम करत आली आहेत. पंढरपूर परिसरातला भोपळा येतो, तो वाळतो, त्याला दांडी बसते, नक्षी होते, शेवटी जवारी काढली जाते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता बघा, हे वाद्य मिरजेत पिकतं आणि मिरजेतच विकलं जातं. देशभरातले कलाकार इथं येतात, दुकानात बसून तारा छेडतात, घासाघीस करतात आणि पैसे मोजून वाद्य घेऊन जातात. 'तुम्ही आमच्या गावचेच, एक तानपुरा असाच द्या की,' असं कुणी कारागिराला म्हणत नाही. म्हटलं तर कारागीर हसेल.

पण तोच तानपुरा मांडीवर घेऊन गाणाऱ्या माणसाला मात्र हेच वाक्य ऐकावं लागतं. 'तुम्ही काय घरचेच. अर्धा तास गाऊन टाका. पाहुणे कलाकार यायला उशीर होणार आहे.' वाद्याला किंमत आहे आणि वाजवणाऱ्याला 'घरचा' हे विशेषण आहे. गाव तेच, गल्लीही कदाचित तीच. म्हणजे पिकल्या जागी विकत नाही हा काही नियम नव्हे. एका मालाला बाजार आहे, दुसऱ्याला आपण तो उभाच केलेला नाही.

हे आजचंच आहे का? थोडं मागं जाऊ. 1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं. पाठीशी सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन होते. 1851 साली ते गेले. आश्रय संपला, डोक्यावर कर्ज राहिलं आणि भाव्यांनी मंडळी घेऊन गाव सोडलं. 1853 साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. इतिहासात आपण हे 'मराठी नाटकाची घोडदौड' म्हणून शिकतो. दुसऱ्या बाजूनं वाचलं तर ही गावात पैसे देणारा उरला नाही म्हणून बाहेर पडलेल्या माणसाची गोष्ट आहे. नाटक वाईट नव्हतं, सांगलीकरांना आवडत नव्हतं असंही नाही. खर्च उचलणारा एकच होता आणि त्याची जागा घ्यायला दुसरं कुणी पुढं आलं नाही.

दुसरी गोष्ट मिरजेची. कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकत होते. चरित्रकार सांगतात ते असं की, गावातल्या एका समारंभाचं निमंत्रण शिष्याला आलं, गुरूला आलं नाही. कारण विचारलं तर उत्तर आलं की, ते काय, गवई! ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारा माणूस, आणि गावाच्या लेखी 'गवई'. पलुसकरांनी 1896 साली मिरज सोडली. वाटेत सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली आणि 1901 साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढं त्यांच्याच परंपरेतल्या मंडळाच्या परीक्षांचा कारभार वर्षानुवर्षं मिरजेतून चालला. म्हणजे माणूस गेला, प्रमाणपत्रं परत आली!

आणि तिसरे, अब्दुल करीम खाँसाहेब. ते मिरजेत राहिले, मिरजेचेच झाले. 1937 साली दक्षिणेत, पाँडिचेरीच्या वाटेवर एका रेल्वे स्टेशनावर त्यांचं निधन झालं आणि त्यांना मिरजेत आणून दफन केलं. राहायला मिरज, कमवायला प्रवास. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, मोठमोठे कलाकार तिथं हजेरी लावतात. हजेरी हा शब्द लक्षात ठेवा. ती सेवा असते, बिदागीचा प्रश्नच नसतो, आणि त्यातच तिचं पावित्र्य आहे. तिच्याविषयी आमची काही तक्रार नाही. तक्रार ही आहे की उरुसातली हजेरी जशी, तशीच गावातली प्रत्येक मैफल असावी असं आपण धरून चालतो. सेवा कलाकारानं आपण होऊन करायची असते. आयोजकानं दुसऱ्याच्या वतीनं ती जाहीर करायची नसते.

आता आजच्या व्यवहाराकडे येऊ. एक कलाकार डोळ्यांसमोर आणा. तिशी-पस्तिशीचा, चांगला तयार, दिवसा शिकवण्या करणारा. त्याला गावात स्वतःची दोन तासांची मैफल करायची आहे. काय करावं लागेल?

पहिली गोष्ट जागा. गावात नाट्यगृह असतं, मिरजेतही बालगंधर्वांच्या नावाचं आहे, सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या नावाचं आहे. पण अशी नाट्यगृहं शेकडो खुर्च्यांची असतात. ख्यालाला पहिल्या दिवशी साठ माणसं येतील. साठ माणसांसाठी शेकडो खुर्च्यांचं भाडं भरायचं, वर अनामत, वर ध्वनी आणि प्रकाश. तारखा म्हणाल तर शाळांची स्नेहसंमेलनं, ऑर्केस्ट्रा, मेळावे आणि सभा यांतून उरलेला मंगळवार दुपारचा मिळतो. बरं, नाट्यगृह नको, वाड्याच्या चौकात करू म्हटलं, तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षात फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस मोठ्या उत्सवांच्या वाट्याला जातात. नियम योग्यच आहे, आजारी माणसांना आणि परीक्षेच्या मुलांना झोप हवी. पण त्याचा परिणाम समजून घ्या. बंदिस्त, लहान, स्वस्त जागा ज्या गावात नाही, त्या गावात रात्रीच्या रागांना घरच नाही.

दुसरी गोष्ट पैसा. समजा साठ जणांनी दोनशे रुपये तिकीट काढलं. बारा हजार झाले. तबलजी, पेटीवाले, तानपुऱ्यावर दोघं आणि माईकवाला यांचं देऊन शाळेच्या हॉलमध्ये हे कसंबसं बसतं. नाट्यगृहात बसत नाही. आणि मुख्य अडचण अशी की दोनशे रुपये काढायची सवय आपण मोडून टाकली आहे. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट, नेत्याचा वाढदिवस, सगळीकडे प्रवेश मोफत. खर्च प्रायोजक करतो आणि त्याला फलकावर ओळखीचा चेहरा हवा असतो, म्हणजे दूरचित्रवाणीवरचा. पाहुण्याला बिदागी, गाडी, हॉटेल. गावच्याला शाल, श्रीफळ आणि निवेदकाच्या तोंडून 'आपल्या मातीतला हिरा'. मंडळी, हिऱ्याला नारळ देऊन घरी पाठवणारा सराफ आम्ही अजून पाहिलेला नाही.

इथं कुणी म्हणेल, श्रोत्यांना जे आवडतं तेच आयोजक देणार. हे अर्धंच खरं आहे. मोफत कार्यक्रमात श्रोता काही निवडतच नाही, तो फक्त येतो. निवड प्रायोजकानं आधीच केलेली असते. खिशातून पैसे काढले की माणूस विचार करतो, कुणाचं ऐकायचं, का ऐकायचं. म्हणून 'लोकांना हेच आवडतं' असं म्हणायला आपल्याकडे पुरावाच नाही. आपण लोकांना कधी नीट विचारलेलंच नाही.

आता थोडं कलाकारांविषयी बोलू, कारण एकाच बाजूला झोडपणं बरं नव्हे. गावातल्या कलाकाराला आपण ऐकत नाही, याचं एक कारण तोही आहे. तीच बंदिश, तोच राग, तेच नाट्यगीत, शेवटी तोच अभंग. ज्यांनी गेल्या वर्षी ऐकलं, त्यांनी यंदा का यावं? बाहेरचा कलाकार वर्षभर एकच कार्यक्रम घेऊन पन्नास गावं फिरू शकतो. गावातल्याला ती सोय नाही, त्याला दर वेळी नवं मांडावं लागतं. हे काम जास्त अवघड आहे. पण दिवसाला सहा शिकवण्या केल्यावर नवं बसवायला वेळ कुठून आणायचा? कमाई नाही म्हणून शिकवण्या, शिकवण्या आहेत म्हणून रियाज नाही, रियाज नाही म्हणून तेच गाणं, तेच गाणं म्हणून कार्यक्रम नाही. फेरा असा आहे.

आणि या फेऱ्यात आम्ही समीक्षा लिहिणारी माणसंही येतो. गावातल्या कार्यक्रमाची बातमी आठवून बघा. 'बहारदार', 'रसिक मंत्रमुग्ध', 'उत्तरोत्तर रंगत गेला'. नाव बदला, तारीख बदला, बातमी तयार. असं कौतुक फुकट असतं, म्हणून त्याला किंमत नसते. विलंबित ख्यालाची बढत कुठं घाईत गेली, तान स्वच्छ होती का, यंदा नवीन काय होतं, हे कुणी लिहीत नाही. गावातल्याला दुखवायचं कसं? पण परखड लिहिणं म्हणजे त्याला गंभीरपणे घेणं. बाहेरच्या कलाकाराला आपण ते देतो. घरच्याला देत नाही.

मग दुसरीकडे वेगळं घडतं का? घडतं. चेन्नईत डिसेंबरच्या संगीत हंगामात अनेक सभा दुपारची वेळ तरुणांना देतात. ती ऐकायला साधारणपणे पैसे लागत नाहीत. संध्याकाळी ज्येष्ठ गातात, तिकीट लागतं. यातले कितीतरी कलाकार त्याच शहरातले असतात. दुपारचा संध्याकाळी पोचेपर्यंत वर्षं जातात, पण जिना आहे आणि पायऱ्या दिसतात. पुण्याचं उदाहरण तर आपल्याला जवळचं. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या स्मरणार्थ 1953 साली भीमसेन जोशींच्या पुढाकारानं महोत्सव सुरू झाला. भीमसेनजी मूळचे गदगचे, पुण्यात येऊन राहिलेले. त्यांनी राहत्या शहरात जागा निर्माण केली आणि शहरानं तिकीट काढून ती टिकवली. यातला 'तिकीट काढून' हा भाग आपण भाषणात विसरतो.

म्हणून आमचं म्हणणं तीन गोष्टींपाशी येतं. पहिली, गावात ऐंशी-शंभर माणसांची एक स्वस्त, बंदिस्त जागा हवी. शाळेचा हॉल, ग्रंथालयाचा वरचा मजला, काहीही चालेल, पण महिन्यातली एक ठरलेली संध्याकाळ संगीताची. दुसरी, गावच्या कलाकाराला बोलावताना रक्कम आधी सांगायची, लहान असली तरी. 'बघू नंतर' हा शब्दच बंद करायचा. तिसरी, आपण श्रोत्यांनी तिकीट काढायचं, पास मागायचा नाही. ओळखीचा आहे म्हणून तर आधी काढायचं.

हे केलं नाही तर काय होईल? फार मोठा आवाज होणार नाही. एक मुलगा पुण्याला जाईल, एक मुलगी बँकेत लागेल, तिसरा कराओकेवर लग्नाची गाणी म्हणेल. मग काही वर्षांनी जवारी बरोबर लागली की नाही हे सांगणारा कान मिरजेतच सापडणार नाही. वाद्य करणारा कारागीर आणि ते वाजवणारा हात एकमेकांच्या जवळ असणं, हीच तर या गावाची खरी पुंजी होती. मानांकनाचा कागद भिंतीवर राहील. भोपळा पंढरपूरकडून येतच राहील. गाणं मात्र बाहेरून मागवावं लागेल, आणि तेव्हाही आपण हीच म्हण म्हणू.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. विशेषतः इथं कुणी कार्यक्रमांचे आयोजक बसले असतील, तर त्यांनी आधी बोलावं.