एल्सिनोरचा राजदरबार आणि मराठी सर्वनामे

(१)

शेक्सपिअरच्या नाटकांतील राज्यांची नावे नकाशावर सापडतात. ती राज्ये मात्र तेथे सापडत नाहीत. 'विंटर्स टेल' ह्या नाटकातील बोहेमियाला समुद्रकिनारा आहे, आणि त्या किनाऱ्याला जहाजही लागते. 'हॅम्लेट'मधील डेन्मार्क असाच आहे. त्याची मूळ कथा सॅक्सो ग्रामॅटिकस ह्याने सन १२०० च्या सुमारास लॅटिन भाषेत नोंदलेल्या दंतकथांतून आलेली आहे. एल्सिनोर हे हेल्सिंगोर ह्या खऱ्या बंदराचे इंग्रजी रूप असले, तरी नाटकात नांदणारा दरबार हा कवीने रचलेला दरबार होय. राजा, राणी, वृद्ध मंत्री, हेर, वकील, विद्यापीठातून परतलेला राजपुत्र आणि रात्री तटावर फिरणारे मृत राजाचे पिशाच, एवढ्या सामग्रीवर हे राज्य उभे आहे.

असा कल्पित दरबार मराठीत येतो तेव्हा काय घडते, हा येथील प्रश्न आहे. आपल्याकडील नाट्यसमीक्षेने ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा दोन शब्दांत दिले आहे: भाषांतर आणि रूपांतर. नावे व स्थळे मूळची ठेवली की भाषांतर, ती बदलली की रूपांतर. आणि पहिले अधिक प्रामाणिक, दुसरे अधिक रंजक, असा एक संकेत त्यातून रूढ झाला. ह्या विभागणीचा उपयोग ग्रंथसूचीला होतो, परीक्षणाला फारसा होत नाही. दरबार म्हणजे नावे आणि पोशाख नव्हेत. कोणी कोणाला कसे संबोधावे, कोणाचे कोणाशी नाते काय, गादीवर हक्क कोणाचा, ह्या संबंधांची व्यवस्था म्हणजे दरबार. हे संबंध मराठी भाषा आपल्या व्याकरणातच बांधून ठेवते. म्हणून नावे जशीच्या तशी ठेवणाऱ्या अनुवादकालाही रूपांतर टाळता येत नाही. त्याचे रूपांतर सर्वनामांत घडते, एवढेच.

(२)

प्रथम शब्दसंग्रहाकडे पाहावे. मराठीला राजदरबाराचे दोन शब्दसंग्रह उपलब्ध आहेत. एक फारसी-अरबी वळणाचा: हुजूर, दरबार, मुजरा, फर्मान, खलिता, शिक्का. दुसरा संस्कृत वळणाचा: सिंहासन, प्रधान, सभा, आज्ञा, मुद्रा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पेशव्यास पंतप्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, सरनोबतास सेनापती अशी नावे मिळाली. पुढे सिद्ध झालेल्या 'राजव्यवहारकोशा'ने हीच दिशा पद्धतशीर केली. पण जुने शब्द गेले नाहीत. शिवकालीन पत्रात मुद्रा संस्कृत आणि खालचा मजकूर फारसीमिश्रित मराठी, असे दोन्ही थर एकाच कागदावर नांदताना दिसतात.

ह्या दोन थरांचे अर्थमूल्य सारखे नाही. कल्याण-भिवंडीचा प्रदेश १६५७ मध्ये स्वराज्यात आला. त्यानंतर तेथे पेशवाई आली, इंग्रजी अंमल आला, लोकराज्य आले. तरी भिवंडीच्या शेतकऱ्याला आजही अर्ज घेऊन तहसीलदाराच्याच कचेरीत जावे लागते, आणि दप्तर, हुकूम, वसुली हे शब्द त्याला कोशात पाहावे लागत नाहीत. फारसी थर हा प्रत्यक्ष अनुभवलेल्या सत्तेचा थर आहे. त्याला काळ आणि ठिकाण चिकटलेले असते. संस्कृत थरातील राज्याला मात्र तारीख नसते. ते काव्यातले, आख्यानातले राज्य असते.

मराठी नाटककारांनी पात्रांना दिलेली नावे ह्या दृष्टीने बोलकी आहेत. देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला (१८९०), वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी 'त्राटिके'च्या पतीला प्रतापराव म्हटले, शिवराम महादेव परांजपे ह्यांनी मॅकबेथला मानाजीराव बनविले. ही सर्व 'राव'कारान्त नावे बखरीतील आहेत; ती ऐकताच मराठी सरदार डोळ्यांपुढे येतो. गोपाळ गणेश आगरकरांच्या 'विकारविलसित' (१८८३) ह्या 'हॅम्लेट'च्या अवतारात राजपुत्राचे नाव मात्र चंद्रसेन आहे. 'सेन' हे उत्तरपद संस्कृत कथा-नाटकांतील राजकुलांचे आहे. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी ज्या राजपुत्राची भूमिका गाजविली, तो नावापुरता तरी पुणे-साताऱ्याचा नव्हता. मानाजीरावाच्या राज्याला मराठ्यांच्या इतिहासात जागा शोधावी लागते. चंद्रसेनाच्या राज्याला ती लागत नाही. कल्पित राज्याचे कल्पितपण नावाच्या एका प्रत्ययाने राखले गेले आहे.

ह्यापलीकडे मराठीचे स्वतःचे असे एक कल्पित राज्यही आहे: कहाणीतील आटपाट नगर. त्याच्या राजाचे व्याकरण लक्षात घेण्यासारखे आहे. कहाणीत 'राजा म्हणाला' असे एकवचन येते, बखरीत 'महाराज म्हणाले' असे आदरार्थी अनेकवचन येते. ज्याचे आपण प्रजाजन आहोत तो राजा अनेकवचनी, ज्याची गोष्ट आपण सांगतो तो एकवचनी. मराठी वाचकाला राजा खरा की गोष्टीतला, हे क्रियापदच सांगते. अनुवादकाला रंगसूचनेत 'राजा येतो' लिहायचे की 'महाराज येतात', हे ठरवावे लागते, आणि तेथेच त्याने आपली प्रेक्षकाची जागाही ठरविलेली असते.

(३)

आता नाती. इंग्रजीत चुलता आणि मामा ह्यांना एकच शब्द. मराठीत हॅम्लेटचा काका हा काकाच असावा लागतो. आणि मराठी राजकारणात 'काका' ह्या शब्दावर १७७३ मधील नारायणरावाच्या वधाची छाया आहे. गादीसाठी रक्ताच्या माणसाने रक्ताच्या माणसाचा घात करावा, ह्या प्रकाराला मराठीत 'भाऊबंदकी' हा तयार शब्द आहे. खाडिलकरांनी त्याच नावाने त्या वधावरील नाटक लिहिले (१९०९). इंग्रज प्रेक्षकाला क्लॉडिअसचा गुन्हा पिशाचाच्या तोंडून कळतो. मराठी प्रेक्षकाला त्याचा संशय नात्याच्या नावापासूनच येऊ लागतो.

दुसरीकडे मूळातील एक डंख येथे बोथट होतो. क्लॉडिअस हॅम्लेटला पुतण्या आणि पुत्र अशा दोन्ही नात्यांनी एका दमात संबोधतो, आणि हॅम्लेटला ते झोंबते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी मनाला चुलत्याने पुतण्यास मुलगा म्हणणे ही मायेची रीत वाटते. म्हणून मराठीत वेदनेचे केंद्र सरकते. ते 'वहिनी' ह्या शब्दावर जाते. इंग्रजीत भावाची पत्नी ही कायद्याने बहीण. मराठीत दिराच्या दृष्टीने वडील वहिनी मातेच्या स्थानी. पाप येथे अधिक गडद होते.

पण येथेच 'विकारविलसिता'पुढील खरी अडचण उभी राहते. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्ये मिळाली होती, समाजाची मिळालेली नव्हती. आगरकर हे त्या सुधारणेचे कडवे पुरस्कर्ते. आणि हे नाटक तर पुनर्विवाह केलेल्या आईची मुलाने केलेली निर्भर्त्सना रंगभूमीवर आणते. सनातनी प्रेक्षकाने त्यातून आपल्या मताला आधार काढला, तर त्याला दोष कसा द्यावा? उत्तर मूळ संहितेत आहे, पण ते अनुवादकाला जपून सांभाळावे लागते. हॅम्लेटचा आक्षेप केवळ विवाहाला नाही. दोन महिनेही न उलटता केलेल्या घाईला आणि निषिद्ध नात्याला आहे. मराठीत 'वर्षश्राद्धापूर्वी' आणि 'दिराशी' ह्या दोन गोष्टी ठसल्या पाहिजेत; 'विधवेने' हा शब्द ठसता कामा नये. येथे शब्दनिवडीवर केवळ शैली अवलंबून नाही, एका समाजप्रश्नावरील भूमिका अवलंबून आहे.

वारसाहक्काचेही तसेच. नाटकातील डेन्मार्कची गादी निवडीने मिळते. ऐतिहासिक डेन्मार्कमध्येही १६६० पर्यंत राजपद तत्त्वतः निवडीचे होते. म्हणजे क्लॉडिअस हा दरबाराच्या संमतीने बसलेला, कायदेशीर राजा आहे. खून उघड होईपर्यंत त्याच्याविरुद्ध राजकीय तक्रार नाही. मराठी गादीला औरस पुत्र किंवा दत्तक एवढेच मार्ग माहीत. प्रौढ राजपुत्र असता चुलता गादीवर बसला, ह्यातच मराठी प्रेक्षक बळकावणूक पाहतो. त्यामुळे दरबारातील बाकीच्यांचे मौन, जे मूळात सभ्य संमती आहे, ते मराठीत भ्याडपणा ठरते. हा अर्थपालट नावे बदलल्याने झालेला नाही. नावे मूळची ठेवली तरी तो होणारच.

'विकारविलसिता'च्या वाचकांना असे दरबारी मौन केवळ पुस्तकातून माहीत नव्हते. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी ह्यांना वेडसर ठरविण्यात आले होते आणि कारभार दिवाणाच्या हाती होता. त्या संबंधातील लिखाणाबद्दल झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात आगरकर व टिळक ह्यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. 'विकारविलसित' प्रसिद्ध झाले ते १८८३ मध्ये, आणि त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला अहमदनगर येथे त्या तरुण छत्रपतींचा देखरेखीवरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर अंत झाला. भाषांतरकाराचा हेतू काय होता, हा प्रश्न येथे गौण आहे. राजपुत्र वेडा आहे की वेडा ठरविला जात आहे, हा एल्सिनोरमधील प्रश्न त्या वर्षी मराठी वाचकाच्या दारात उभा होता, ही गोष्ट महत्त्वाची. परक्या दरबाराचे कल्पितपण अशा वेळी पळवाट राहत नाही. जे स्वतःच्या दरबाराविषयी बोलता येत नाही ते विचारात घेण्याची ती जागा होते.

(४)

सर्वांत सूक्ष्म प्रश्न सर्वनामांचा. पहिल्या अंकात क्लॉडिअस भरदरबारात बोलू लागतो तेव्हा त्याचे 'वुई' हे एकच सर्वनाम तीन कामे करते. मृत राजाचा शोक साऱ्या राज्याचा, तेथे ते सर्वांना सामावते. राणीशी केलेला विवाह त्याचा एकट्याचा, तेथे ते राजाचे स्वगौरवी अनेकवचन असते. आणि मधल्या वाक्यांत ते कोणते हे कळू नये अशी रचना आहे. सर्वांच्या दुःखावरून स्वतःच्या सुखावर तो एकाच शब्दावर बसून उतरतो, आणि शेवटी दरबाराला त्याच्या संमतीची आठवण देतो. त्याचे राज्यच ह्या संदिग्धतेवर उभे आहे.

मराठीत ही संदिग्धता सहज मिळत नाही. श्रोत्याला धरून 'आपण' आणि श्रोत्याला वगळून 'आम्ही', असा भेद मराठीत पक्का आहे. दरबारी पत्रांत राजा स्वतःस 'आम्ही' म्हणतो. मराठी क्लॉडिअसने सुरुवातीपासून 'आम्ही' म्हटले तर त्याचा शोक त्याच्यापुरता राहतो. अखेरपर्यंत 'आपण' म्हटले तर विवाह हास्यास्पद होतो. म्हणजे अनुवादकाला दुभंग करावाच लागतो.

पण मराठीच्या हातात दुसरे एक साधन आहे. 'आपला' हा शब्द सर्वसमावेशक 'आपल्या सर्वांचा' आहे, आदरार्थी 'श्रीमंतांचा' आहे आणि स्ववाचक 'ज्याचा त्याचा'ही आहे. 'आपला शोक', 'आपले राज्य' असे म्हणत म्हणत विवाहाच्या वाक्यावर 'आम्ही' असा पाय टाकणारा मराठी राजा मूळाहून कमी धूर्त नाही. फरक एवढाच की इंग्रजीत जे झाकले जाते ते मराठीत एका क्षणी उघडे पडते. त्या क्षणी ज्याचे कान टवकारतात तो दरबारात एकटा आहे: 'आम्ही' आणि 'आपण' ह्यांच्या गर्दीत 'मी' म्हणणारा राजपुत्र.

द्वितीय पुरुषातही अशीच कसोटी लागते. गर्ट्रूड आपल्या दालनात मुलाला जवळिकीच्या 'दाऊ'ने बोलावते. तो 'यू'ने उत्तर देतो. घरगुती मराठीत आईला 'तू' म्हणणे हीच माया. राजघराण्यात 'आईसाहेब, आपण'. चंद्रसेनाने त्या प्रवेशात कोरड्या आदराने 'आपण' म्हणावे, हे मराठी कानाला शिवीहून तीव्र लागेल. पिशाचाशी बोलताना प्रश्न उलटतो. मराठीत राजाला 'आपण', भुताला 'तू'; पण देवालाही 'तू', विठोबालाही 'तू'. पिशाचाला उद्देशून हॅम्लेटने वापरलेला एकेरी शब्द मराठीत येताच त्यात भीती आणि भक्ती दोन्ही आपसूक उतरतात. येथे भाषेने अनुवादकाला फुकट देणगी दिली आहे. ती ओळखणे त्याचे काम.

(५)

ह्या निकषांवर पुढील इतिहास वेगळा दिसू लागतो. विंदा करंदीकरांच्या 'राजा लिअर'ने (१९७४) नावे मूळची ठेवली, म्हणून राजाच्या 'आम्ही'चा 'मी' कोठे होतो हा प्रश्न टळत नाही. ती शोकांतिका पुष्कळशी ह्या एका वचनबदलाचीच आहे. उलट खाडिलकरांच्या 'सवाई माधवरावांचा मृत्यू'मध्ये एकही डॅनिश नाव नाही, तरी शनिवारवाड्यातील त्या व्याकुळ तरुण पेशव्याच्या मागे एल्सिनोरचा राजपुत्र उभा आहे. शिरवाडकरांच्या 'नटसम्राटा'ने (१९७०) तर दरबारच काढून टाकला. राज्य उरले ते एका वृद्ध नटाच्या स्मरणात. भाषांतर-रूपांतराच्या दोन खणांत ह्या तिन्ही कृती नीट बसत नाहीत.

म्हणून परीक्षकाने प्रथम नामावली तपासू नये. राजा स्वतःस काय म्हणतो, मुलगा आईला काय म्हणतो, वहिनी आणि वारस ह्या शब्दांचे वजन कोठे पडते, आणि हे सर्व निर्णय नाटकभर एकाच न्यायाने घेतले आहेत काय, हे तपासावे. परक्या भूमीवरचे कल्पित राज्य मराठीत आले की मराठी त्याला विचारते: येथे 'आपण' कोण, आणि 'आम्ही' कोण? ज्या अनुवादाने ह्या प्रश्नाला समजून-उमजून उत्तर दिले, त्यात नाव चंद्रसेन असो की हॅम्लेट, दरबार उभा राहिला असे समजावे.