न्यायाधीशाची निर्भयता आणि तिचे संरक्षण : मराठी साहित्य-चित्रपटांतील रामशास्त्री प्रतिमेची चिकित्सा

प्रस्तावना :
न्यायाधीशाच्या निःस्पृहतेचा उल्लेख करावयाचा झाल्यास मराठी माणसाच्या ओठी प्रथम रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव येते. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्दप्रयोग भाषेत रूढ झाला असून न्यायालयातील निरोप समारंभापासून निवडणुकीच्या व्यासपीठापर्यंत तो सर्रास वापरला जातो. या प्रतिमेचे श्रेय जितके इतिहासाला तितकेच नाटक, कादंबरी व चित्रपट यांना द्यावे लागते. राजकीय दडपणापासून न्यायाधीशाचे संरक्षण कसे करावे, या प्रश्नाकडे पाहण्याची मराठी समाजाची दृष्टी या प्रतिमेने कशी घडविली आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ (१९०९) हे नाटक व प्रभात फिल्म कंपनीचा ‘रामशास्त्री’ (१९४४) हा चित्रपट यांचा प्रामुख्याने विचार केला आहे.

ऐतिहासिक आधार :
३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. या खुनाचा ठपका प्रत्यक्ष सत्ताधारी झालेल्या रघुनाथरावांवर ठेवून त्यास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे रामशास्त्र्यांनी सांगितले आणि पुणे सोडून ते वाईजवळच्या गावी निघून गेले, ही हकीकत ग्रँट डफ यांच्या १८२६ च्या इतिहासग्रंथातून सर्वदूर पोहोचली. पुढे बारभाईंच्या कारभारात ते परतले आणि १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत न्यायदानाचे काम करीत राहिले. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा ही मात्र आख्यायिकेच्या कोटीतील आहे. कलाकृतींनी इतिहास व आख्यायिका यांची सरमिसळ केली हे खरे. परंतु येथे प्रश्न त्या सरमिसळीचा नसून तिच्यातून कोणता आदर्श उभा राहिला याचा आहे.

‘भाऊबंदकी’ व ‘रामशास्त्री’ :
‘भाऊबंदकी’चा काळ लक्षात घेणे अगत्याचे आहे. २२ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा ठोठावणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. ‘केसरी’च्या संपादनाशी निकटचा संबंध असलेल्या खाडिलकरांनी अशा वेळी सत्ताधीशाला दोषी ठरविणारा न्यायाधीश रंगभूमीवर आणला. प्रत्यक्ष न्यायालयात जे घडले नाही ते प्रेक्षकाने नाट्यगृहात पाहिले. या दृष्टीने रामशास्त्र्यांची व्यक्तिरेखा ही परकीय सत्तेच्या न्यायासनावरील अप्रत्यक्ष टीका ठरते.

गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केलेल्या व स्वतः नायकाची भूमिका केलेल्या ‘रामशास्त्री’ चित्रपटाने या व्यक्तिरेखेला बालपण, अपमान, काशीतील विद्याभ्यास असे चरित्र दिले. न्यायाधीशाचे धैर्य हे त्याच्या घडणीचे फळ आहे, हा विचार त्यातून प्रेक्षकांच्या मनावर बिंबला. मुलाच्या मनात अपमानातून जागलेली जिद्द आणि पुढे सत्तेसमोर न वाकणारा शास्त्री यांच्यात चित्रपट अखंड सूत्र जोडतो. कलाकृती म्हणून हीच त्याची शक्ती आहे.

मात्र दोन्ही कलाकृतींत तीन गोष्टी समान आढळतात. पहिली, न्यायाधीश एकटा आहे; त्याच्या पाठीशी सहकारी, वकीलवर्ग वा संस्था उभी राहत नाही. दुसरी, धमकी समोरासमोर येते. ती तलवारीची वा सिंहासनाची असते, त्यामुळे ओळखू येते. तिसरी, न्यायाधीशाजवळचे अखेरचे शस्त्र म्हणजे पदत्याग. रामशास्त्र्यांचे पुण्यातून जाणे हा नैतिक विजयाचा क्षण म्हणून आपण अनुभवतो. परंतु त्या क्षणी दोषी सत्तेवर राहतो आणि न्यायासन रिकामे होते, याकडे आपले दुर्लक्ष होते. निर्भयता हा व्यक्तीचा गुण मानला की तिचे संरक्षण ही समाजाची व राज्यसंस्थेची जबाबदारी उरत नाही.

आणीबाणीचा अनुभव :
रामशास्त्री प्रतिमेची खरी कसोटी स्वतंत्र भारतात लागली. २५ एप्रिल १९७३ रोजी न्या. शेलाट, न्या. हेगडे व न्या. ग्रोव्हर यांची ज्येष्ठता डावलून न्या. ए. एन. रे यांची सरन्यायाधीशपदी नियुक्ती जाहीर झाली. तिघांनीही राजीनामे दिले. आणीबाणीत नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या देहोपस्थितीच्या याचिका ऐकण्याचा आपला अधिकार मान्य केला. यवतमाळ जिल्हा याच खंडपीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने हे निर्णय रद्द ठरविले. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. भिन्न मत एकट्या न्या. हंसराज खन्ना यांचे होते. जानेवारी १९७७ मध्ये खन्ना यांना डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले व खन्ना यांनी राजीनामा दिला. १९७६ मध्ये उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या करण्यात आल्या. मुंबई उच्च न्यायालयातील अतिरिक्त न्यायाधीश उ. रा. लळित यांना कायम करण्यात आले नाही.

या घटनांत कोठेही तलवार उपसली गेली नाही. ज्येष्ठता, बदली आणि कायम नियुक्ती या कागदावरील तीन साधनांनी काम साधले. नाटक-चित्रपटांनी घडविलेल्या नजरेला असे दडपण दिसत नाही, कारण त्यात खलनायकाचा प्रवेशच होत नाही. खन्ना यांचा राजीनामा ‘रामशास्त्री बाणा’ म्हणून गौरविला गेला, परंतु त्या गौरवाने एकाही स्थानबद्धाची सुटका झाली नाही. १९७६ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुसून टाकला, तो न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात. पित्याचा निर्णय पुत्राने चुकीचा ठरविला, हा योगायोग नाट्यपूर्ण खरा. मात्र त्यासाठी एक्केचाळीस वर्षे जावी लागली.

विद्यमान संरक्षण व त्यातील उणिवा :
राज्यघटनेचा अनुच्छेद ५० न्यायपालिका कार्यकारी यंत्रणेपासून विभक्त ठेवण्याचा निर्देश देतो. अनुच्छेद २११ विधिमंडळात न्यायाधीशांच्या कामकाजविषयक वर्तनावर चर्चा करण्यास मनाई करतो. अनुच्छेद २३५ जिल्हा व दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे सोपवितो. १८५० व १९८५ चे कायदे न्यायिक कृतीबद्दल होणाऱ्या दाव्यांपासून न्यायाधीशांना संरक्षण देतात. हा आराखडा भक्कम आहे. तथापि त्याचा मुख्य भर दाव्यांपासूनच्या संरक्षणावर असून भीतीपासूनच्या संरक्षणाचा विचार त्यात अपुरा आहे.

२५ सप्टेंबर १९८९ रोजी गुजरातेतील नडियाद येथे पोलिसांनी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना बळजबरीने मद्य पाजून दोरीने बांधल्याचे प्रकरण घडले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दोषी पोलिसांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा केली व न्यायिक अधिकाऱ्याच्या अटकेबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २८ जुलै २०२१ रोजी धनबाद येथे पहाटे फिरावयास गेलेले न्यायाधीश उत्तम आनंद यांना रिक्षाची धडक देऊन ठार मारण्यात आले. पुढील वर्षी दोघांना जन्मठेप झाली. दोन्ही घटना जिल्हा पातळीवरील आहेत, हे विसरून चालणार नाही.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात न्यायसंस्थेचा चेहरा म्हणजे पुसद, वणी, दारव्हा, पांढरकवडा, उमरखेड येथील न्यायालये होत. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. त्या काळी जिल्हा प्रशासनात फौजदारी न्यायदान व महसुली अंमल बहुतांशी एकाच यंत्रणेच्या हाती होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या अधीन आणले आणि हा तिढा तत्त्वतः सुटला. तरीही तालुक्याच्या गावी न्यायाधीश व प्रभावशाली पक्षकार एकाच बाजारात वावरतात. निनावी तक्रार, न्यायालयाबाहेरील जमाव, समाजमाध्यमांवरील बदनामी ही दडपणाची आजची साधने होत. त्यांपुढे उभ्या राहणाऱ्या कनिष्ठ स्तर न्यायाधीशाला राजीनाम्याचा पर्याय सुचविणे म्हणजे जमावाला हवे तेच देणे होय.

संरक्षण आणि टीका यांची सीमा :
संरक्षणाचा अर्थ टीकेपासून मुक्ती असा मात्र नाही. निकालाची परखड चिकित्सा हा नागरिकांचा अधिकार आहे. न्यायालय अवमान कायद्यात २००६ च्या दुरुस्तीने लोकहितार्थ सत्यकथनाचा बचाव मान्य करण्यात आला. दुसरीकडे, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचारजी यांच्या प्रकरणात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने वकील संघटनांनी ठराव वा दडपणाद्वारे न्यायाधीशास राजीनामा द्यावयास लावणे अमान्य ठरविले आणि तक्रारीसाठी अंतर्गत चौकशीचा मार्ग सुचविला. निकालावर बोट ठेवणे ही टीका. निकाल बदलावा म्हणून न्यायाधीशाच्या घरावर, नोकरीवर वा कुटुंबावर बोट ठेवणे ही धमकी. ही सीमा स्पष्ट ठेवल्यास दोन्ही हक्क सुरक्षित राहतात.

समारोप :
‘भाऊबंदकी’ व ‘रामशास्त्री’ यांनी सत्तेहून कायदा श्रेष्ठ असल्याचा संस्कार मराठी मनावर केला. हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांनी न्यायाधीशाला एकाकी वीर केले आणि समाजाला केवळ प्रेक्षक. नियुक्ती, बदली व कायम करण्याच्या निर्णयांतील पारदर्शकता, जिल्हा न्यायालयांची प्रत्यक्ष सुरक्षा, धमकीच्या तक्रारीची उच्च न्यायालयाने तातडीने घ्यावयाची दखल आणि स्थानिक वकील संघांची न्यायाधीशाच्या पाठीशी उभे राहण्याची तयारी या चार गोष्टी त्या कलाकृतींतील रिकामी जागा भरू शकतात. मराठी व विधी या विषयांच्या अध्यापकांनी हे नाटक वा हा चित्रपट वर्गात घेताना रामशास्त्री पुणे सोडतात तेथे थांबून, ‘त्यांना जावे का लागले?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरेल. ज्या समाजात निर्भय निकाल देण्यासाठी प्रत्येक न्यायाधीशाला रामशास्त्री व्हावे लागते, त्या समाजाची न्यायव्यवस्था दुबळीच म्हणावी लागेल. साधारण धैर्याच्या न्यायाधीशालाही न्याय्य निकाल देऊन दुसऱ्या दिवशी त्याच आसनावर निर्धास्त बसता आले पाहिजे.