पांढरा कोट आणि आत्मकथनाचे ओझे

अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणातील वांशिक समतेचा प्रश्न सामान्यतः धोरण, कायदा आणि आकडेवारी यांच्या कक्षेत चर्चिला जातो. प्रस्तुत लेखात तो संहितांच्या कक्षेत आणून तपासावयाचा आहे. त्यासाठी अब्राहम फ्लेक्सनर यांचा १९१० चा अहवाल आणि डेमन ट्वीडी यांचे 'ब्लॅक मॅन इन अ व्हाइट कोट' (२०१५) हे आत्मकथन अशा दोन संहिता घेतल्या आहेत. पहिली संस्थेच्या आवाजात बोलते, दुसरी व्यक्तीच्या. मधल्या शतकात प्रवेशाचे दार किती उघडले, यापेक्षा दारात उभ्या असलेल्या माणसाला कोणत्या भाषेत बोलावे लागले, हा येथील प्रश्न आहे.

फ्लेक्सनर स्वतः वैद्य नव्हते, शिक्षक होते. कार्नेगी फाउंडेशनसाठी त्यांनी अमेरिका व कॅनडातील वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी केली. अहवालात कृष्णवर्णीयांच्या वैद्यकीय शिक्षणावरचे प्रकरण अवघ्या काही परिच्छेदांचे आहे. कृष्णवर्णीयांसाठी त्या वेळी चालणाऱ्या सात महाविद्यालयांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच जगवावीत, असा सल्ला त्यात आहे. १९२३ पर्यंत उरलेली पाचही बंद पडली होती. या प्रकरणाची युक्तिवादरचना मुद्दाम पाहण्याजोगी आहे. माणुसकीचा उल्लेख तीत आहे. परंतु भार पडतो तो संसर्गाच्या भीतीवर. कृष्णवर्णीय वैद्य घडवायचा तो त्याच्या समाजासाठी, आणि त्याहून अधिक त्याच्या गोऱ्या शेजाऱ्याच्या संरक्षणासाठी. येथील प्रथमपुरुषी अनेकवचन मराठीत आणताना भाषांतरकाराला 'आपण' वापरता येणार नाही, 'आम्ही'च वापरावे लागेल. इंग्रजीत झाकून राहिलेली ही सीमारेषा मराठी सर्वनाम उघडी करते. ज्याच्याविषयी अहवाल बोलतो, तो त्याच्या वाचकांत गृहीत धरलेलाच नाही. या व्याकरणाची किंमत मोजण्याचा एक प्रयत्न २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने केला : बंद पडलेली पाच महाविद्यालये चालू राहिली असती, तर २०१९ पर्यंत त्यांतून सुमारे ३५,३१५ पदवीधर बाहेर पडले असते, असा त्याचा अंदाज आहे.

ट्वीडी यांचे निवेदन नेमके या 'आम्ही'च्या बाहेरून सुरू होते. १९९६ मध्ये ते ड्यूक विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासासाठी दाखल झाले. वर्गात बसलेल्या या विद्यार्थ्याला एक प्राध्यापक दिवे दुरुस्त करायला आलेला कामगार समजतो. निवेदक तक्रार करीत नाही. तो परीक्षेत उत्तम गुण मिळवून उत्तर देतो. पुढे एका प्रसंगी साध्या कपड्यांत दुखरा गुडघा घेऊन गेलेल्या निवेदकाची तपासणी वरवर उरकली जाते. आपण स्वतः डॉक्टर आहोत असे सांगताच समोरच्याची वागणूक पालटते. पांढरा कोट हा पेशाचा वेष न राहता माणूस असल्याचा दाखला होतो, ही या आत्मकथनाची सर्वांत भेदक अंतर्दृष्टी होय. त्याची मर्यादाही तेथेच आहे. संस्थेच्या दोषाला व्यक्तीची गुणवत्ता हे उत्तर ठरते, आणि दोष जागच्या जागी राहतो.

ही मर्यादा केवळ लेखकाच्या स्वभावाची नाही. तिला कायद्याची चौकट आहे. डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरांपैकी सोळा जागा राखून ठेवल्या होत्या. १९७८ च्या बाकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कोटा अमान्य केला, मात्र वंशाचा विचार इतर घटकांसोबत करण्यास मुभा ठेवली. २०२३ च्या निकालाने तीही जवळजवळ संपवली. आपल्या जीवनावर वंशाचा काय परिणाम झाला, हे अर्जदाराने निबंधातून सांगण्यास मात्र वाव ठेवला. याचा वाङ्मयीन अर्थ गंभीर आहे. आत्मकथन आता अभिव्यक्तीचा प्रकार न राहता अर्जाचा प्रकार बनते. समूहाचा इतिहास मान्य नाही, पण त्याच इतिहासाची वैयक्तिक कहाणी मान्य आहे. आणि ती पटेल अशा शैलीत सांगण्याची जबाबदारी तरुण अर्जदारावर आहे.

मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नाही. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये शिकलेला लेखक आणि दगडू मारुती पवार अशी निवेदकाची दुभंगलेली रूपे समोरासमोर येतात. व्यथेचे कथन आणि व्यथेचे प्रदर्शन यांतील अंतराविषयी दलित आत्मकथनांच्या समीक्षेत दीर्घकाळ वाद झाला आहे. तथापि वंश आणि जात यांची सरसकट बेरीज करता येत नाही. भारतात राखीव जागेला घटनात्मक आधार असल्याने प्रवेशासाठी दुःख सिद्ध करावे लागत नाही. परीक्षा सुरू होते ती प्रवेशानंतर. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये दिलेल्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी अध्यापनात, परीक्षांत आणि वसतिगृहात अनुभवलेल्या भेदभावाची नोंद आहे. तेथे प्रवेशाचा झगडा, येथे सामावले जाण्याचा. म्हणून कथनाची रूपेही भिन्न आहेत.

यावरून एक निष्कर्ष मांडता येतो. आजवर आत्मकथन लिहिण्याचे ओझे वगळल्या गेलेल्यांनीच वाहिले. ते संस्थांकडे सरकते, तेव्हाच समावेशाला आशय लाभतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कृष्णवर्णीय डॉक्टरांना दूर ठेवल्याबद्दल २००८ मध्ये मागितलेली माफी, २०२० मध्ये एका मानाच्या पुरस्कारावरून काढलेले फ्लेक्सनर यांचे नाव, आणि मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज करणाऱ्या सूत्रातून २०२१ मध्ये वगळलेला वंशाचा घटक : ही संस्थांनी स्वतःच्या संहितेवर केलेली संपादने आहेत. त्यांतील पहिली दोन स्मृतीला स्पर्श करतात. तिसरे ज्ञानाला, आणि म्हणून रोग्यालाही. संस्थेचा 'आम्ही' 'आपण' होतो की नाही, याची कसोटी या तिसऱ्या प्रकारच्या संपादनात आहे.