वाघीण खरी, रूळ खोटे

शहागडला रेल्वे नाही. त्यामुळे वर्गात मालगाडीच्या वाघिणीची प्रतिकृती आणली, तर मुले तिलाच प्रमाण मानतात. ‘एचओ’ प्रतिकृतींचे प्रमाण १:८७. कोळसा वाहणारी ‘बॉक्सएन’ वाघीण कपलरसह १०,७१३ मिमी लांब. म्हणजे प्रतिकृती १२३ मिमी हवी. चांगली प्रतिकृती तेवढी असतेही. गफलत आहे ती खाली. आपल्या ब्रॉडगेज रुळांतील अंतर १,६७६ मिमी, म्हणून प्रतिकृतीत ते १९.३ मिमी हवे. एचओचे रूळ मात्र १६.५ मिमीचे, युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिमी गेजला जुळणारे. परिणामी चाके सुमारे १४ टक्के जवळ येतात आणि भक्कम वाघीण कलंडेल अशी वाटते. तरीही प्रतिकृती टाकाऊ नव्हे. मुलांच्या हाती मोजपट्टी द्यावी; गुणोत्तराच्या तासाला ही चूक त्यांनाच शोधू द्यावी.