कीट्सची शास्त्रदृष्टि

कीट्सला शास्त्राचें वावडें होतें असें आमच्या महाविद्यालयांतून वर्षानुवर्षें शिकविलें जातें. आणि तें शिकविणारांत मीहि एक होतों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. या मताला आधार दोन. एक, ‘लॅमिया’ काव्यांतील तो प्रसिद्ध उतारा, ज्यांत तत्त्वज्ञानाच्या थंड स्पर्शानें इंद्रधनुष्याची मोहिनी ओसरते अशी तक्रार आहे. दुसरा, २८ डिसेंबर १८१७ रोजीं चित्रकार हेडन याच्या घरीं झालेली मेजवानी. तेथें लॅमनें न्यूटनची यथेच्छ थट्टा मांडली. न्यूटननें इंद्रधनुष्याचे रंग वेगळे करून त्यांतील काव्य घालविलें, या म्हणण्यास कीट्सनें दुजोरा दिला. आणि मग हंशांत न्यूटनच्याच नांवानें पेले रिकामे झाले. मद्याच्या पेल्यावरील विनोदाला प्रतिज्ञालेखाचा मान देणें हें टीकाकारांनाच साधतें!

वस्तुतः थोर इंग्रजी कवींत शास्त्राचें असें रीतसर शिक्षण क्वचितच कोणी घेतलें असेल. शाळा सुटल्यावर कीट्स एडमंटन येथील एका शल्यवैद्याकडे उमेदवारीस राहिला. ऑक्टोबर १८१५ मध्यें तो लंडनच्या गाईज् रुग्णालयांत दाखल झाला, आणि २५ जुलै १८१६ रोजीं अपॉथेकरीची, म्हणजे औषधें देणाऱ्या वैद्याची, परीक्षा उतरला. शस्त्रक्रियेच्या वेळीं शल्यवैद्याला मदत करणें आणि जखमा बांधणें हें त्याचें रोजचें काम होतें. ईथरची गुंगी १८४६ मध्यें आली; त्यापूर्वींचें तें काम कसें असेल याची वाचकांनींच कल्पना करावी. शरीरशास्त्राच्या व्याख्यानांची त्याची टिपणवही उपलब्ध आहे. १९३४ मध्यें ती छापलीहि गेली. तिच्या समासांत फुलांचीं चित्रें आहेत, आणि तीं दाखवून त्याचें लक्ष नव्हतें असें म्हणण्याची चाल आहे. पण समासाच्या आंतील मजकूर कोणी वाचावयाचा? वैद्यकी सोडल्यावरहि, मे १८१८ मधील एका पत्रांत, आपण वैद्यकाचे ग्रंथ देऊन टाकले नाहींत याचा त्याला आनंद वाटतो, आणि ते पुन्हां चाळण्याचा मनोदय तो कळवितो. वावडें असलेला मनुष्य असें लिहीत नाहीं.

परीक्षेनंतर तीनच महिन्यांनीं त्यानें चॅपमनच्या होमरवरील सुनीत लिहिलें. त्यांत कॉर्टेझचें नांव चुकून आलें आहे, पॅसिफिक महासागर प्रथम पाहणारा युरोपीय बाल्बोआ होता, ही चूक आमच्या विद्यार्थ्यांना सुनीतापेक्षां अधिक पाठ असते. तिच्या अगोदरची उपमा मात्र ते घाईनें ओलांडतात. आकाश निरखीत बसलेल्या ज्योतिषाच्या दृष्टीच्या टप्प्यांत एक नवा ग्रह तरंगत येतो, अशी ती उपमा आहे. शाळेंत असतां बॉनीकॅसलचें ज्योतिषावरील पुस्तक कीट्सला बक्षीस मिळालें होतें. १३ मार्च १७८१ रोजीं बाथ येथें हर्शेलनें युरेनस शोधला. मराठी पंचांगांत तो शोधकाच्याच नांवानें, हर्षल म्हणून, नांदतो. हर्शेल पोटापाण्यासाठीं देवळांत ऑर्गन वाजविणारा संगीतकार, आणि दुर्बीण त्याची स्वतःच्या हातची. त्याला हा ग्रह प्रथम धूमकेतू वाटला. ताऱ्यांच्या स्थिर मांडणींतून तो बिंदु हळूहळू सरकतो, यावरून तो तारा नव्हे हें पक्कें झालें. म्हणून ‘तरंगत येणें’ हें क्रियापद केवळ गोड नाहीं, तें अचूक आहे. येथें शास्त्रानें काव्याचें कांहींएक नेलें नाहीं. उलट, त्याला नेमकी क्रिया पुरविली.

१८१९ च्या उद्देशिकांतहि तेंच. बुलबुलावरील कवितेच्या आरंभीं बधिरतेचें जें वर्णन आहे, त्यांत हेमलॉकचा रस आणि अफू यांचा उल्लेख सहज येतो. विषादावरील कविता बचनाग, बेलाडोना अशा विषांच्या नामावळीनेंच सुरू होते. हीं नांवें शोभेचीं नव्हेत, औषधांच्या कपाटाशीं ज्याचा परिचय आहे त्याचीं आहेत. ‘सायकी’वरील कवितेंत तर मेंदूलाच फांद्या फुटतात.

मग ‘लॅमिया’चें काय? तें काव्य मीं अलीकडे पुन्हां वाचलें आणि पूर्वीं न दिसलेली एक गोष्ट दिसली. अपोलोनिअसची दृष्टि नववधूवर खिळते आणि ती नाहींशी होते. वर लिसिअस त्याच रात्रीं मरतो. आपण अपोलोनिअसला क्रूर म्हणतों. पण त्याचें निदान चुकलेलें नाहीं! ती खरोखरच सर्पिणी आहे, आणि हें कवीनेंच आपल्याला पहिल्या भागांत सांगून ठेवलें आहे. म्हणजे ज्ञान खोटें अशी कवीची तक्रारच नाहीं. ज्ञान खरें आहे, आणि तें सोसत नाहीं, असें तो म्हणतो. या दोन म्हणण्यांतलें अंतर मीं इतकीं वर्षें वर्गांत सांगितलें नाहीं.

तें अंतर कीट्सला स्वतःच्या देहावर मोजावें लागलें. आई १८१० मध्यें क्षयानें गेली होती. भाऊ टॉम याची शुश्रूषा त्यानेंच केली, आणि तोहि १ डिसेंबर १८१८ रोजीं गेला. ३ फेब्रुवारी १८२० च्या रात्रीं थंडींत गाडीच्या टपावर बसून तो हॅम्पस्टेडला परतला. अंथरुणावर पडतांच खोकला आला आणि चादरीवर रक्त पडलें. त्यानें मित्र ब्राऊन याला मेणबत्ती आणावयास सांगितली, रक्ताचा रंग निरखला, तें धमनीचें आहे हें ओळखलें, आणि आपण यांतून वांचत नाहीं असें शांतपणें सांगितलें. त्या खोलींत अपोलोनिअस तोच होता आणि लिसिअसहि तोच.

क्षयाचा जंतु कॉखनें १८८२ मध्यें दाखविला. तोंपर्यंत वैद्यांना चांचपडावेंच लागे. रोममधील वैद्यानें प्रथम दुखण्याचें मूळ पोटांत धरलें, रक्त काढलें आणि अन्न जवळजवळ तोडलें. रोग्याला आपलें दुखणें त्याच्याहून अधिक कळत होतें. त्यानें अफूच्या अर्काची बाटली मागितली. सोबत्यानें, चित्रकार सेव्हर्ननें, ती दिली नाहीं. २३ फेब्रुवारी १८२१ रोजीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, तो वारला. शव उघडून पाहिलें तेव्हां फुप्फुसें जवळजवळ उरलींच नव्हतीं.