सपाट चतुःसिलिंडर विमान-इंजिनातील प्रज्वलनक्रम आणि समतोल : एक चिकित्सा

प्रस्तावना :
समोरासमोर चार सिलिंडर असलेले विमान-इंजिन प्रज्वलनक्रमामुळे पूर्णतः संतुलित राहते, अशी समजूत आढळते. या विधानात दोन भिन्न संकल्पनांची सरमिसळ झाली असून तिची चिकित्सा आवश्यक ठरते.

विवेचन :
लायकमिंग ओ-३२० आणि कॉन्टिनेन्टल ओ-२०० या दोन्ही इंजिनांचा प्रज्वलनक्रम १-३-२-४ असा आहे. मात्र लायकमिंगमध्ये सिलिंडरांची गणना पुढून, तर कॉन्टिनेन्टलमध्ये मागून होते. त्यामुळे गणनापद्धती सांगितल्याशिवाय केवळ हे आकडे अपुरे ठरतात.

जडत्वबलांचा समतोल क्रँकशाफ्टच्या रचनेवर अवलंबून असतो. समोरासमोरील दोन दट्टे एकाच वेळी बाहेर व एकाच वेळी आत जातात. त्यामुळे त्यांची प्राथमिक आणि द्वितीयक बले परस्परांना छेद देतात. परंतु हे दोन सिलिंडर एका रेषेत नसतात, किंचित मागेपुढे असतात. यातून निर्माण होणारी प्राथमिक बलयुग्मे दोन जोड्यांमध्ये परस्परविरुद्ध असल्याने नाहीशी होतात. द्वितीयक बलयुग्मे मात्र एकाच दिशेची असल्याने त्यांची बेरीज होते. म्हणजेच 'पूर्ण' समतोल येथे साधत नाही. याच क्रँकशाफ्टवर १-४-२-३ हा क्रम योजला, तरी या निष्कर्षात काहीही बदल होत नाही. प्रज्वलनक्रमाचे कार्य वेगळे आहे : दर १८० अंशांनी एक स्फोट घडवून टॉर्कची विभागणी समान अंतराने करणे.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. मिनिटाला २७०० फेऱ्यांच्या वेगाने सेकंदाला ४५ फेरे होतात. पंख्याचा असमतोल ४५ हर्ट्झला जाणवतो, तर स्फोटांची वारंवारता व द्वितीयक बलयुग्म दोन्ही ९० हर्ट्झला येतात. पहिल्याचा परिणाम क्रँकशाफ्टच्या अक्षाभोवती, तर दुसऱ्याचा उभ्या अक्षाभोवती होतो. एखादा सिलिंडर निकामी झाल्यास २२.५ हर्ट्झचे कंपन उद्भवते. अक्ष न पाहता केवळ वारंवारतेवरून निदान केल्यास दोषाचे मूळ चुकीच्या ठिकाणी शोधले जाण्याचा संभव राहतो.

निष्कर्ष :
प्रज्वलनक्रम टॉर्कचे वितरण ठरवतो, तर जडत्वबलांचा समतोल क्रँकशाफ्टच्या भूमितीतून येतो. अध्यापनात या दोन बाबी स्वतंत्रपणे मांडल्या, तरच विद्यार्थ्याला कंपनाचे कारण ओळखता येईल. 'पूर्ण संतुलित' हे विशेषण या इंजिनासाठी टाळणेच इष्ट होय.